औषध कां लागूं पडेनासें होतें

सावित्रीचें पाणी खाचरांवरून ओसरलें आणि कांहीं दिवसांनीं भाताच्या पातीच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडून वाळूं लागल्या, हा प्रकार दासगांवच्या खलाटींतील शेतकऱ्यांस नवा नाहीं. हा कडा करपा. पातीवर होडीच्या आकाराचे ठिपके पाडणारा साधा करपा बुरशीचा असतो. कडा करपा जंतूंचा. श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनीं महाराष्ट्रांतून या रोगाची नोंद १९५९ सालीं प्रसिद्ध केली. पैकीं तिरुमलाचार हे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यांतील संशोधक. आणि शेतकरी वर्षानुवर्षें जी पूड फवारीत आले, ती स्ट्रेप्टोसायक्लिनही त्याच कारखान्याची. तींत स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन हीं माणसांस देण्याचीं औषधें असतात. केंद्र सरकारनें २०२१ च्या आदेशानें १ जानेवारी २०२४ पासून शेतींत तिचा वापर बंद ठरविला. पीक वाचविणारी वस्तु कां काढून घेतली, असें सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर जंतूच्या पोटांत शिरल्याखेरीज मिळत नाहीं.

प्रत्येक जंतूच्या देहांत रायबोसोम नांवाचे हजारों सूक्ष्म कण असतात. प्रथिनें तेथेंच घडतात. या कणांत आर. एन. ए. चे लांब धागे गुंडाळलेले असून, पुष्कळशीं प्रतिजैविकें त्या धाग्याच्या नेमक्या एका जागीं जाऊन बसतात व काम बंद पाडतात. जागा थोडीशी बदलली तर औषध बसत नाहीं.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस सातबाऱ्याचाच दाखला सुचतो. जमीन तीच, क्षेत्र तेंच, आकारही तोच. परंतु इतर हक्कांच्या रकान्यांत एक शेरा पडला कीं व्यवहार अडतो. कांहीं जंतूंपाशीं असा शेरा मारणारें विकर असतें. तें धाग्याच्या ठराविक जागीं एक कार्बन व तीन हायड्रोजन यांचा मेथिल गट चिकटवितें. एवढ्यानें जेंटामायसिन व अमिकासिन हीं दोन्ही औषधें निरुपयोगी होतात. रुग्णांच्या जंतूंतील अशा विकरांचें वर्णन २००३ सालीं फ्रान्स व जपानमधून आलें. पुढें मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयानें २०१० सालीं एनडीएम-१ जनुकाच्या जंतूंविषयीं लिहिलें. या जनुकाच्या सोबतीस मेथिल शेऱ्याचें जनुक अनेकदां आढळतें.

हीं जनुकें प्लाझमिड नांवाच्या लहानशा सुट्या कडींत असतात, आणि एक जंतु त्या कडीची नक्कल दुसऱ्यास देतो. स्ट्रेप्टोमायसिनला तोंड देण्याची युक्ति बहुधा निराळी असते. पण ती आणि हा शेरा एकाच कडींत असूं शकतात. मग खाचरांत एक औषध फवारलें तरी दोन्ही युक्त्या पोसल्या जातात. बंदीचें मर्म आमच्या मतें येथें आहे.

हा शेरा मुळांत मातींतलाच. जेंटामायसिन बनविणारा मातींतील जीव स्वतःच्या विषानें मरूं नये म्हणून स्वतःच्या रायबोसोमवर तसाच शेरा मारतो. कोंबड्यांना देतात त्या टायलोसिनचा उत्पादकही याच वाटेनें जगतो. टायलोसिन अडविणारा शेरा बहुधा माणसांच्या एरिथ्रोमायसिनलाही अडवितो. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून तें पाण्यांत वा खाद्यांत मिसळणें आम्हांस गैर वाटतें.

उलटा प्रकारही आहे, आणि तो मोठा गमतीचा. साध्या करप्यावर फवारतात तें कासुगामायसिन जपानांतील नारा येथील कासुगा देवालयाच्या मातींतून १९६५ च्या सुमारास हातीं आलें. तेथें जंतूच्या धाग्यावर शेरा मुळापासूनच असतो. तो मारणारें विकर ज्यानें गमावलें तो जंतु वांचतो! क्षयाच्या जंतूंतही एक असाच शेरा गळाला तर स्ट्रेप्टोमायसिन कांहींसें कमी लागूं पडतें.

कडा करप्यावर आतां हातीं राहिलें तें शेतकीचें काम. नत्र एकदम न टाकतां हप्त्यांनीं द्यावें. रोग दिसतांच नत्र थांबवावें. रोगट खाचराचें पाणी निरोगी खाचरांत सोडूं नये. प्रतिकारक वाण मिळाल्यास तोच घ्यावा. आणि लावणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडूं नयेत, कारण त्या जखमेंतून जंतूस आयती वाट मिळते.