कोंबडीच्या पोटाचा हिशेब

कोंबड्या पाळणे म्हणजे अंगणात मूठभर दाणे फेकणे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पण दाण्यांनी कोंबडीचे पोट भरते, तिची अंडी भरत नाहीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. ती तिने आणायची कुठून?

आमचे कन्हान कोळशाच्या खाणींचे गाव. पलीकडे कामठी, मध्ये नदी. घरातला एक पगार थांबला, तेव्हा परसातल्या बारा कोंबड्या माझ्यासाठी हौस राहिल्या नाहीत. मुलांच्या ताटातले अंडे आणि वह्या-पुस्तकांचे पैसे त्यांच्यावर आले. तयार खाद्य विकत घ्यावे, तर अंड्यांचे पैसे त्यातच जिरत. तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘नुसत्या कोंड्यावर कोंबडी अंडं कायचं देईन, पोरी?’’

आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांचे गणित अचूक. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 17 टक्के प्रथिने लागतात. तांदळाच्या कनकीत आणि मक्यात त्याच्या जेमतेम निम्मी असतात; कोंड्यात थोडी अधिक, पण पुरेशी नाहीत. ही तूट कोंबडी पूर्वी उकिरडा उकरून, किडे-अळ्या टिपून भरून काढी. आता अंगणे फरसबंद झाली. मग अंडी कमी होतात, कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, आणि आपण म्हणतो, ‘जातच वाईट!’

आजींचा पहिला उपाय उदईचा. जुन्या मडक्यात ओले शेण आणि तणस कोंबायचे आणि संध्याकाळी ते वारुळाच्या तोंडाशी पालथे घालायचे. सकाळी मडके उदईने भरलेले असते. ते अंगणात आपटले, की पिलांची नुसती झुंबड! मात्र वारूळ घराच्या भिंतीपासून लांबचे हवे, आणि औषध मारलेल्या शेतातले नको.

दुसरा आधार सोयाबीनचा. 1980 नंतर विदर्भात हे पीक पसरले, पण त्याची पेंड किती महाग होऊ शकते, हे 2021 साली सगळ्यांनी पाहिले. त्या वर्षी केंद्र सरकारला 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. घरचे चार पायल्या सोयाबीन असेल, तर ते मोलाचे आहे. पण कच्चे कधीही घालू नये. त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो. खमंग वास येईपर्यंत नीट भाजावे, भरडावे आणि कोंडा-कनकीत मिसळावे. सरकीची ढेप गाईलाच ठेवावी. तिच्यातल्या विषारी द्रव्याने अंड्याचा बलक हिरवट पडतो. बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंडही नको.

तिसरा उपाय अझोलाचा. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात माती, शेणकाला आणि वीतभर पाणी घातले, की दोनेक आठवड्यांत हिरवा थर धरतो. वाळवलेल्या अझोलात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, म्हणून त्याचा गवगवा फार. पण ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, हे विसरू नये. तो कोंबडीची भाजी आहे, भाकरी नव्हे. आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याला सावली लागतेच.

अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो. तो शिंपल्यांच्या चुऱ्यातून किंवा भाजून कुटलेल्या टरफलांतून मिळतो. मानमोडी मात्र कोणत्याही खाद्याने टळत नाही. पिलांना पहिल्याच आठवड्यात लासोटाची लस द्यायलाच हवी.

या सगळ्याला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र लागतो. तो वेळ बहुधा घरातल्या बाईचाच असतो आणि कुणाच्याही वहीत मांडला जात नाही. पण अंड्यांचे पैसे तिच्या हातात येतात. ते कशावर खर्च करायचे, हे ती कुणाला न विचारता ठरवते. परवा त्या पैशांतून मुलीसाठी भूमितीची पेटी आली. उरलेल्या पैशांचा पाव किलो जवळा आणला, तो वाळवून कुटला. कोंबड्यांचाही वाटा आहेच ना!