शब्दसंस्कारकाद्वारे वेब पृष्ठनिर्मिती

मजकूर टंकलिखित करणे, त्यात दुरुस्त्या करणे, त्याची मांडणी करणे व तो छापून घेणे या कामांसाठी वापरण्यात येणाऱ्या संगणक आज्ञावलीस शब्दसंस्कारक किंवा वर्ड प्रोसेसर म्हणतात. अशा आज्ञावलीत लिहिलेला मजकूर एचटीएमएल या खूणभाषेत रूपांतरित करून इंटरनेटवर ठेवण्याजोगा करणे, ही वेब पृष्ठनिर्मितीची एक सुलभ पद्धत होय. खूणभाषा न शिकता पृष्ठ तयार करता येते, हा तिचा मुख्य लाभ. तथापि छापील पान व वेब पृष्ठ यांच्या स्वरूपांत भेद असल्याने तिला काही मर्यादाही पडतात.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० मध्ये तयार केलेल्या पहिल्या न्याहाळकात पृष्ठे वाचणे व लिहिणे या दोन्ही सोयी होत्या. पुढे लोकप्रिय झालेले न्याहाळक मुख्यत्वे वाचनासाठीच असल्याने लेखनासाठी वेगळ्या साधनांची गरज भासू लागली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९५ मध्ये आपल्या वर्ड या शब्दसंस्कारकास इंटरनेट असिस्टंट या पूरक आज्ञावलीची जोड दिली. वर्ड ९७ पासून ही सोय मूळ आज्ञावलीतच अंतर्भूत झाली. लिबरऑफिस रायटर या मुक्त शब्दसंस्कारकातही ती आहे.

शब्दसंस्कारकाची घडण छापील पानास अनुसरून झालेली असते. पानाची रुंदी व समास त्यात ठरलेले असतात. वेब पृष्ठ मात्र भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर आणि संगणकाच्या रुंद पडद्यावरही वाचले जाते. एचटीएमएलच्या खुणा प्रामुख्याने मजकुराचे घटक दर्शवितात : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. एखादी ओळ केवळ मोठ्या व ठळक अक्षरांत लिहिली, तर डोळ्यांस ती शीर्षक वाटते. रूपांतरानंतर मात्र ती साधा परिच्छेदच राहते. परिणामी अंध वाचकांस मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला शीर्षके ओळखता येत नाहीत. म्हणून शब्दसंस्कारकातील ‘शीर्षक १’, ‘शीर्षक २’ यांसारख्या ठरावीक शैलींचा वापर करणे आवश्यक असते. मोकळ्या जागा सोडून केलेली स्तंभांची मांडणीही पडद्याची रुंदी बदलताच विस्कटते. तेथे कोष्टक वापरावे लागते.

रूपांतरित पृष्ठ पुन्हा शब्दसंस्कारकात उघडल्यास मूळ मांडणी परत मिळावी, यासाठी वर्ड २००० मध्ये त्यात न्याहाळकास अनावश्यक अशी पुष्कळ माहिती भरली जाई व पृष्ठाचा आकार वाढे. ती माहिती वगळून पृष्ठ साठविण्याचा पर्याय वर्ड २००२ मध्ये देण्यात आला. डेव्ह रॅगेट यांच्या एचटीएमएल टायडी या आज्ञावलीनेही अशा अतिरिक्त खुणा काढून टाकता येतात. चित्रे बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये साठविली जातात. पृष्ठाबरोबर तो फोल्डर न पाठविल्यास चित्रांच्या जागा रिकाम्या दिसतात.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत लिपिसंकेतांचा प्रश्न याहून मूलगामी आहे. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. त्यामुळे अशा टंकात लिहिलेला ‘कमल’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, ई व वाय ही तीन रोमन अक्षरेच होत. कागदावर छापताना ही उणीव जाणवत नाही. वेब पृष्ठावर मात्र वाचकाकडे तो टंक नसल्यास अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. टंक असला, तरी ‘कमल’ असा शोध घेणाऱ्यास तो शब्द सापडत नाही. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीसाठी १२८ संकेतस्थानांचा स्वतंत्र गट राखलेला आहे. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड टंक उपलब्ध झाल्यावर शब्दसंस्कारकात तसे लेखन करणे सुकर झाले.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी केवळ टंकाचे नाव बदलून भागत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटीचा संकेत व्यंजनापूर्वी व रफाराचा अक्षरानंतर येतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो. हा बदल परिवर्तक आज्ञावली करते; परंतु जोडाक्षरांच्या ठिकाणी चुका राहण्याचा संभव असल्याने परिवर्तनानंतर मुद्रितशोधन करावे लागते. असे परिवर्तन न झालेला मराठी मजकूर वेब पृष्ठावर असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच राहतो.