पाडव्याची भेट : आधी झोप, मग वस्तू

दिवाळी पाडवा जवळ आला की शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठांत साड्या, दागिने, घड्याळे आणि मोबाइलची खरेदी सुरू होते. ज्यांचा जोडीदार रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करतो, त्यांच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न असतो. सणाच्या दिवशी जोडीदार घरी असेल याची खात्री नसते आणि दिलेली वस्तू कामावर वापरता येईल याचीही नसते.

या दोन तालुक्यांत तातडीच्या उपचारांचे काम कमी पडत नाही. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो आणि कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी ऊस आहे, म्हणून सर्पदंशही आहेत. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. हा भार डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय आणि २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेतील डॉक्टर व पायलट उचलतात. त्यांच्यासाठी भेट निवडताना दुकानाआधी त्यांच्या दिनक्रमाकडे पाहिलेले बरे.

अंधाराची भेट

रात्रपाळी करणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती दिवसाच्या झोपेची. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांत उजेड शिरला की हे घड्याळ ‘सकाळ झाली’ असे समजते आणि झोपेला मदत करणारे मेलाटोनिन आटते. त्यामुळे रात्रभर जागलेला माणूस सकाळी नऊला आडवा झाला, तरी त्याची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा बहुधा काही तासांनी कमी आणि तुटक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली आहे. म्हणजे अपुऱ्या झोपेचा प्रश्न जांभया येण्यापुरता नाही.

म्हणून पहिली भेट म्हणजे जाड, काळे अस्तर लावलेले पडदे. ते खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी थोडे मोठे शिवून घ्यावेत आणि वरची झडपही झाकावी. सोबत डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले मऊ बोळे. दारावरच्या बेलला बंद करण्याचे बटण इलेक्ट्रिशियन थोडक्या पैशांत बसवून देतो.

पण पडदे एकटे पुरत नाहीत. त्या सहा-सात तासांत जोडीदाराचा मोबाइल आपल्याकडे ठेवणे, गॅस सिलिंडर, कुरिअर, पाहुणे आणि मुलांची भांडणे आपण सांभाळणे, हाही भेटीचाच भाग आहे. कामावर जाणारी व्यक्ती घरातील सून असेल, तर हे अधिकच खरे. रात्रपाळीला जाण्याआधीची दुपार चकल्या तळण्यात गेली, तर ती जागरणाचे ओझे आधीच घेऊन रुग्णालयात पोहोचते. पहिल्या रात्रपाळीच्या दुपारी दीड-दोन तासांची झोप मिळाली, तर पहाटेची सतर्कता टिकायला मदत होते. त्या दिवशीचा फराळ घरातील इतरांनी केला तर चालण्यासारखे आहे.

घरापर्यंतचा रस्ता

सर्वांत धोक्याची वेळ अनेकदा ड्युटी संपल्यानंतर येते. सतरा तास सलग जागे राहिल्यावर माणसाचे लक्ष आणि हातांचा समन्वय १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका घसरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. भारतात वाहन चालवताना कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी सातला उठलेली आणि दुपारी न झोपलेली सिस्टर मध्यरात्रीच सतरा तासांचा टप्पा गाठते. सकाळी आठला ती स्कूटरला किल्ली लावते, तेव्हा २५ तास जागी असते. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर किंवा महामार्गावर समोरून ट्रॉली येत असताना दोन सेकंदांची डुलकीही जीवघेणी ठरू शकते.

रात्रपाळीच्या सकाळी स्वतः आणायला जाणे किंवा सहकाऱ्यांसोबत भाड्याच्या गाडीची महिन्याची सोय करून देणे, यापेक्षा उपयोगी भेट क्वचितच असेल. ते शक्य नसेल तर निदान एवढा करार करावा : निघण्यापूर्वी कपभर कॉफी आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटणे. कॉफीचा परिणाम जाणवेपर्यंत डुलकीही पूर्ण होते. मात्र हा तात्पुरता आधार आहे, झोपेची भरपाई नव्हे. मागच्या दोन किलोमीटरचा रस्ता आठवत नसेल, तर गाडी बाजूला घ्यावी. काळा गॉगल दुसरे कोणी गाडी चालवत असेल तेव्हाच लावावा.

पाय आणि पोट

बूट घ्यायचे तर बंद, घसरणार नाहीत असे आणि धुता येणारे घ्यावेत. वरून छिद्रे असलेली चप्पल नको, त्यातून रक्त आणि सुई दोन्ही आत जातात. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी द्यावे. घट्ट दाबाचे मोजे पायांचा जडपणा कमी करतात, पण मधुमेह किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

लिटरभराची, नाव घातलेली पाण्याची बाटली साधी वाटते. पण शौचालयाला जायला वेळ मिळत नाही म्हणून पाणी न पिणारे कर्मचारी पुष्कळ असतात आणि पुढे मूतखडे व लघवीचा जंतुसंसर्ग भोगतात. डब्यात दशमी, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा लाडू असे पाच मिनिटांत खाता येईल ते द्यावे. मध्यरात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, त्यामुळे भरपेट भात आणि गोड तेव्हा नको.

न दिसणारी भेट

सुई टोचणे हा या कामातला नेहमीचा धोका. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (सुरुवातीला, एक आणि सहा महिन्यांनी) पूर्ण झाले आहेत का, हे विचारावे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करतात. पातळी १० किंवा अधिक असेल तर संरक्षण मिळाले असे मानतात. डोस राहिले असतील, तर रुग्णालयात सोबत जाऊन ते पूर्ण करून घेणे ही आयुष्यभर पुरणारी भेट आहे.

काय टाळावे

खड्यांची अंगठी हातमोजे फाडते आणि तिच्याखाली जंतू साठतात. उग्र अत्तराने दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. मनगटी घड्याळापेक्षा ॲप्रनच्या खिशाला अडकवायचे, सेकंदकाटा असलेले घड्याळ बरे. श्वास मोजायला ते कामी येते आणि हात कोपरापर्यंत स्वच्छ धुता येतात. महागडा स्टेथोस्कोप दिलाच तर नाव कोरून द्यावा, नाहीतर तो वॉर्डभर फिरतो.

घरी आल्यावर ‘आज काय काय झाले?’ असा आग्रहही टाळावा. वाईट प्रसंग लगेच वदवून घेतल्याने पुढचा मानसिक आघात टळतो, असे संशोधनात आढळलेले नाही. चहा द्यावा, जवळ बसावे आणि बोलले तर ऐकावे. महिना उलटूनही दुःस्वप्ने, चिडचिड, निद्रानाश राहिला, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

यातले काय घ्यायचे, हे ठरवण्याचा सोपा मार्ग आहे. आठवडाभर जोडीदार घरी आल्यावर पहिली तक्रार कशाची करतो, ते पाहावे. टाचा, डोके, भूक की झोप? उत्तर तिथेच मिळेल. आणि पाडव्याला ड्युटी लागलीच, तर ओवाळणी दुसऱ्या दिवशी, झोप पूर्ण झाल्यावर करावी.