ऑर्डिशचे मुंबईतले लोखंड

काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनच्या, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन्स हॉटेलच्या, ठरलेल्या गोष्टी मुंबईकरांना पाठ आहेत. 7 जुलै 1896 चा ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ, मार्क ट्वेनचा मुक्काम, आणि जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवल्याची, समकालीन पुरावा नसलेली दंतकथा. माझे कुतूहल मात्र कित्येक वर्षे ती इमारत आखणाऱ्या माणसाभोवती घोटाळते आहे. त्याचे नाव रोलंड मेसन ऑर्डिश.

ऑर्डिश (1824–1886) डर्बीशायरचा. लंडनच्या 1851 च्या क्रिस्टल पॅलेसचे लोखंडी काम कागदावर उतरवणाऱ्यांत तो होता. सेंट पँक्रास स्टेशनच्या 73 मीटर रुंद छपराचे श्रेय अभियंता बार्लोला मिळते, पण त्यातही याचा हात होता. टेम्सवरचा आल्बर्ट पूल तर त्याचाच. कापडाचा व्यापारी जॉन वॉटसन याने मुंबईतल्या इमारतीसाठी हाच माणूस गाठला. लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने आले आणि 1867 पासून इथे एकमेकांना जोडले गेले.

ही इमारत पाडावी की दुरुस्त करावी, हा सगळा वाद या जोडणीशी येऊन थांबतो. उभे खांब बिडाचे, आडव्या तुळया घडीव लोखंडाच्या. बीड दाब सोसते, पण वाकवू गेले की तडकते. वाकण्याचा ताण घडीव लोखंड पेलते. विटांच्या भिंती म्हणजे नुसता भराव. मजल्यांचाच नव्हे, त्या भिंतींचाही भार सांगाड्यावर. बहुमजली वस्तीच्या इमारतीत असे त्याआधी जगात क्वचितच झाले होते. सुट्या भागांची ही रचना असल्यामुळे भार टेकूंवर घेऊन निकामी तुकडा तेवढा बदलता येतो.

हॉटेल गेले आणि खोल्यांचे गाळे झाले. पार्टिशने, पोटमाळे, वकिलांची कार्यालये. विटांच्या आड पाणी मुरले की लोखंड गंजते, गंज फुगतो आणि विटा बाहेर ढकलतो. भाडी गोठलेली, म्हणून मालक खर्च करेना. मालकी दुसऱ्याची, म्हणून भाडेकरू हात लावेनात. जून 2005 मध्ये जागतिक स्मारक निधीने इमारतीचे नाव धोक्यातल्या 100 वास्तूंच्या यादीत घातले. पुढच्याच महिन्यात सज्जांचा काही भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको परिसराला जागतिक वारसा ठरवले, त्यात ही इमारतही आली. वर्षभरात ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असे म्हटले, वारसाप्रेमी वास्तुतज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

माणसाच्या जिवापुढे कोणतीही वास्तू मोठी नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ‘जुने लोखंड, आता उपाय नाही’ हे ऐकले की मला आल्बर्ट पूल आठवतो. तो 1873 मध्ये खुला झाला, आणि 1884 मध्येच अभियंता बॅझलजेटने तपासणी केली तेव्हा पूल पेलणारे लोखंड गंजलेले निघाले. त्याने तिथे पोलादी साखळ्या चढवल्या, वाहनांच्या वजनावर बंधन घातले. 1950 च्या दशकात पूल पाडायची भाषा झाली. लोक विरोधात उभे राहिले. 1973 मध्ये मधोमध काँक्रीटचे दोन आधार दिले. 2010 मध्ये वाहतूक बंद ठेवून पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. तोच अभियंता, तेच शतक, गंजही तोच. फरक इतकाच की तिथे पुलाची देखभाल कोणी करायची हे ठरलेले होते. इथे मालक, भाडेकरू आणि सरकार यांनी ती एकमेकांवर ढकलली.

म्हणून सरसकट निकाल नको. प्रत्येक खांबाला आणि प्रत्येक तुळईला क्रमांक द्या, एकेकाची वेगळी तपासणी करा, निकामी ठरेल तेवढेच बदला. भाडेकरूंच्या हक्काचा प्रश्न वेगळा काढून आधी सोडवा. आणि जागतिक वारशाचा मान मुंबईने आनंदाने स्वीकारला आहे, तर या दुरुस्तीचा पहिला हप्ता राज्य सरकारने भरला पाहिजे.