संडासाच्या टाकीची निगा

आता खेड्यापाड्यांत घरोघर संडास झाले. फार चांगली गोष्ट झाली. पण संडास बांधला म्हणजे काम संपले, असे नाही. दावणीला बैल बांधला की त्याचे वैरणपाणी पाहावे लागते. तसेच संडासाच्या टाकीचे आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. टाकी बांधून नऊ वर्षे झाली होती. मी एकदाही झाकण उघडले नव्हते. एका पावसाळ्यात संडासात पाणी तुंबू लागले. परसात घाण वास सुटला. शेजारचे दादा म्हणाले, "गुरुजी, काळजी करू नका. एक पोरगा आहे. दोर बांधून आत उतरेल. दोन तासांत टाकी रिकामी करील."

पोरगा आला. वय विशीचे. हातात बादली आणि फावडे. माझ्याच शाळेत शिकलेला. मी म्हणालो, "बाळ, ती बादली खाली ठेव. चहा घे. या टाकीत कोणी उतरायचं नाही."

का उतरायचे नाही, ते सांगतो. आधी टाकीत काय चालते ते पाहू.

आमटीचे भांडे थोडा वेळ तसेच ठेवा. डाळ खाली बसते. तेलाचा तवंग वर येतो. मध्ये पाणी राहते. टाकीतही तसेच होते. जड मैला तळाला बसतो, त्याला गाळ म्हणू. हलकी, तेलकट घाण वर तरंगते. मधले पाणी नळीतून शोषखड्ड्यात जाते. तिथली माती ते पाणी शोषून घेते आणि गाळते.

तळाचा गाळ डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू कुजवतात. त्यामुळे तो कमी होतो, पण सगळा संपत नाही. वर्षावर्षाला साचत जातो. टाकी भरली की गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. मातीची छिद्रे बुजतात. मग पाणी जिरत नाही. टाकी उपसता येते, पण बुजलेला खड्डा पुन्हा खणावा लागतो. म्हणून टाकी वेळेवर, दोन-तीन वर्षांनी उपसावी.

गाळ किती झाला हे कसे कळेल? लांब काठीला खालून पांढरे फडके गुंडाळा. झाकण उघडून थोडा वेळ दूर थांबा. मग उभ्यानेच काठी हळूच तळापर्यंत सोडा आणि वर काढा. फडके जिथवर काळे झाले, तिथवर गाळ आहे. टाकीच्या खोलीचा तिसरा हिस्सा गाळाने भरला, की उपसण्याची वेळ झाली. काठी काढल्यावर झाकण लगेच घट्ट लावा. हात साबणाने धुवा.

आता उतरण्याविषयी. कुजण्यातून विषारी वायू होतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू फार झाला, की नाकाला वासच कळेनासा होतो. माणसाला वाटते, धोका नाही. तो उतरतो आणि क्षणात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. तोही पडतो. अशी एका घरची दोन-दोन माणसे गेली आहेत. काही लोक दिवा सोडून पाहतात. तेही करू नये. टाकीत पेट घेणारा वायूही असतो. त्याचा भडका उडतो. टाकीजवळ विडी-काडीसुद्धा नको.

कायदाही हेच सांगतो. 2013 च्या कायद्याने माणसाला अशा धोक्याच्या कामासाठी टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. अशा कामात माणूस दगावला, तर घरच्यांना 30 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. पण पैशाने माणूस परत येतो का?

मग उपसायचे कसे? मैला ओढणारी गाडी असते. ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या नगरपरिषदेत चौकशी करावी. गाडी बाहेरूनच नळीने मैला ओढते. तो मैला ओढ्यात किंवा कोणाच्या शेतात ओतू देऊ नये. मैला शुद्ध करण्याच्या केंद्रावरच न्यायला सांगावे. थोडा गाळ तळाला राहू द्यावा. दह्याला विरजण लागते ना, तसे त्यातले जंतू पुढे कामाला येतात. टाकी धुऊन काढू नये.

रोजच्या गोष्टी अशा :

चिंध्या, प्लास्टिक, राख, पाळीचे कपडे संडासात टाकू नका.

तेजाब आणि फिनेल भाराभर ओतू नका. जंतू मरतात.

न्हाणीचे आणि पावसाचे पाणी टाकीत सोडू नका. न्हाणीचे पाणी परसबागेला द्या.

शोषखड्ड्यावरून गाडी, ट्रॅक्टर नेऊ नका. जवळ मोठे झाड लावू नका. मुळे आत शिरतात.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 60 फूट दूर हवा.

हवेच्या नळाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. टाकीत डास वाढतात. हत्तीरोग पसरवणारे डासही त्यांत असतात.

झाकण फुटले असेल तर आजच बदला. लेकरू आत पडेल.

माझ्या घरी दुसऱ्या दिवशी गाडी आली. तासाभरात काम झाले. पैसे थोडे जास्त लागले. पण मनाला एक गोष्ट लागून राहिली. नऊ वर्षे आळस मी केला होता, आणि त्यापायी दुसऱ्याचे पोर आत उतरणार होते.

तुमच्या टाकीला किती वर्षे झाली? आजच मोजा. भिंतीवर साल लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते.