चौदा इंची दुखणं

माझदा हे नाव मराठी माणसाला माहीत आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. शाळेची मुलं, कंपनीचे कामगार, लग्नाचं वऱ्हाड, सगळ्यांना तिनं वाहिलं. त्या नावातला उत्तरार्ध ज्या जपानी कंपनीकडून आला, तिनं फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एक छोटी, उघड्या टपाची, दोनच माणसांची गाडी मांडली. जगभर ती एमएक्स-५ म्हणून ओळखली जाते, अमेरिकेत मियाटा म्हणून. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आतबाहेर, किंमत १३,८०० डॉलर. २०१६मध्ये या गाडीच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा पार झाला. भारतात ती कधी अधिकृतपणे विकायला आलीच नाही. आपल्याकडची पोरं अमेरिकेत नोकरीला लागतात, न्यू जर्सीत किंवा डेट्रॉइटकडे स्थिरावतात, आणि मग कुटुंबाच्या एसयूव्हीशेजारी एक जुनी मियाटा येऊन उभी राहते. घरच्यांना तिचा उपयोग काय हे शेवटपर्यंत कळत नाही.

१९९७पर्यंत बनलेली ही पहिली पिढी आता तिशीच्या आसपास आहे. जुनी गाडी घेतल्यावर पहिला मोठा खर्च बहुधा टायरचा असतो, आणि तिथेच एक गंमत पुढे येते. पैसे असले तरी हवा तो टायर मिळत नाही. कारण चाकाचं माप. मियाटा आली ती १८५/६० आर १४ या टायरवर. त्या काळी चौदा इंची चाक घरगुती सेडानलाही असायचं. पुढे चाकं पंधरा, सोळा, सतरा, अठरा अशी फुगत गेली आणि टायर कंपन्यांचं चांगलं रबरही त्यांच्यामागे गेलं. चौदा इंचात आज दुकानदार पुढे करतो ते बहुतेक बारमाही टायर. लांब पल्ला चालतील, आवाज करणार नाहीत, स्वस्तही पडतील. वळणावर मात्र त्यांचं लक्ष दुसरीकडेच असतं.

यावरचा उपाय माझदानंच करून ठेवला आहे. दुसऱ्या पिढीच्या मियाटाला पंधरा इंची चाकं आणि १९५/५० आर १५ टायर येत. ती चाकं पहिल्या पिढीला सरळ बसतात, बोल्टांची मांडणी दोन्हींची एकच. कागदावर हिशेब करून पाहा. १८५ मिलिमीटरचे साठ टक्के म्हणजे १११, हे दोन बाजूंनी धरून त्यात चौदा इंच मिळवले की टायरचा व्यास होतो ५७७.६ मिलिमीटर. १९५/५०चा याच रीतीनं येतो ५७६. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरिंगही बदलत नाही. २०५/५० घेतलात तर ५८६ होतो, तोही चालून जातो. सोळा इंचाला २०५/४५ बसवणारेही आहेत. त्यात चाक जड होतं, टायरची भिंत आखूड होते, आणि हलक्या गाडीला दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. दिसायला छान दिसतं, एवढंच.

म्हणून माझा पहिला सल्ला टायरबद्दलचा नाहीच. आधी पंधरा इंची चाकं शोधा. वापरलेली, मूळ माझदाची मिळाली तर उत्तमच. चौदा इंचावर अडून राहून दुर्मीळ टायरला चढा भाव देण्यापेक्षा हा खर्च एकदाच होतो, आणि त्यानंतर पुढची अनेक वर्षं चांगल्या टायरांची यादी तुमच्यासमोर उघडी राहते. मूळ रूपातच गाडी जपणाऱ्या संग्राहकांना हे पटणार नाही. त्यांनी चौदा इंची चाकं फळीवर पुसून ठेवावीत आणि प्रदर्शनाच्या दिवशी चढवावीत.

आता रुंदीचा मोह. मियाटावाल्यांत नऊ इंच रुंद रिमवर २२५/४५ आर १५ चढवणारा एक पंथ आहे आणि ट्रॅकवर त्यांचं बरोबरही असतं. रस्त्यावर मात्र हे प्रकरण वेगळं आहे. चालकासह गाडीचं वजन चार चाकांवर वाटलं की एका चाकाच्या वाट्याला साधारण अडीचशे किलो येतात. माझदानं सांगितलेली हवा २६ पीएसआय. ढोबळ भागाकार केला तर टायर रस्त्याला टेकतो ती जागा येते १३५-१४० चौरस सेंटिमीटर, टपालाच्या पोस्टकार्डाहून जेमतेम मोठी. टायर रुंद केला म्हणून ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. ती आडवी पसरते आणि लांबीला कमी होते. वळणावर त्याचा फायदा होतो. पण साचलेल्या पाण्यावर रुंद आणि हलका टायर लवकर तरंगायला लागतो. या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, बऱ्याच गाड्यांत एबीएसही नाही, आणि ताकद मागच्या चाकांना जाते. पावसात महामार्गावरून उतरणाऱ्या वळणरस्त्यावर पाय ॲक्सिलरेटरवरून अचानक उचलला की मागचा भाग पुढे यायला बघतो. ज्यानं हे एकदा अनुभवलं, तो टायर निवडताना ओल्या रस्त्याचा आधी विचार करतो.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या भिंतीवर तीन गुण छापलेले असतात: ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि तापमान. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या परिसरात ४०० मैलांच्या ठरावीक फेरीवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल फिरवतात आणि झीज एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. १०० गुणांच्या टायरच्या दुप्पट टिकला तर २००, चौपट टिकला तर ४००. ऐकायला चोख वाटतं. पण हा आकडा शेवटी कंपनी स्वतः देते. त्यामुळे एका कंपनीच्या ३०० आणि दुसरीच्या ३४०ची तुलना करत बसण्यात अर्थ नाही, एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो आकडा कामाचा. ट्रॅक्शनचा गुण ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरतो. वळणाशी त्याचा संबंध नाही, पाण्यावर तरंगण्याशीही नाही.

२०० या आकड्याची कथा तर आणखी मजेशीर. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत रस्त्यावरच्या टायरांच्या वर्गाला किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे. अट आली की पळवाटही येते. २००चा शिक्का असलेले, पण वृत्तीनं शर्यतीचेच असे टायर निघाले. ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आर हा त्यातला गाजलेला. पकड अफाट आणि झीजही तशीच. हँकूकचा व्हेंटस आर-एस४, फाल्केनचा अझेनिस आरटी६६०, कुम्होचा एक्स्टा व्ही७३० ही त्याच गल्लीतली नावं. कोरियन आणि तैवानी कंपन्यांनी या गल्लीत भाव खाली आणले, हे त्यांचं श्रेय. नानकांग आणि फेडरल ही नावं ऐकून नाक मुरडणारे लोक ट्रॅकच्या दिवशी तेच टायर चढवलेल्या गाडीच्या मागे राहतात.

तरीही रोज चालवायच्या जुन्या मियाटाला हे २००वाले टायर मी सुचवणार नाही. त्यांना काम करायला उष्णता लागते, आणि हलकी गाडी साध्या रस्त्यावर त्यांना नीट तापवू शकत नाही. त्यांची खाच उथळ असते, आवाज मोठा असतो, आणि तीस वर्षांची रबरी बुशिंग्ज त्या पकडीचे धक्के निमूट सहन करत नाहीत. शिवाय पकड खूप वाढली की गाडी सरकायला लागते तोवर वेग फार वाढलेला असतो. टोयोटानं २०१२मध्ये ८६ ही स्पोर्ट्स कार काढली, तेव्हा तिच्यावर प्रियससाठी वापरात असलेलेच मिशेलिन प्रायमसी टायर दिले. लोक हसले. पण कमी वेगातही गाडीशी खेळता यावं, हा तिथे हेतूच होता. मियाटा तर त्या गाडीहून हलकी.

माझी पसंती मधल्या पायरीला: उन्हाळी परफॉर्मन्स टायर, ट्रेडवेअर ३००च्या आसपास, माप १९५/५० आर १५. फायरस्टोनचा फायरहॉक इंडी ५०० किंवा बीएफ गुडरिचचा जी-फोर्स स्पोर्ट कॉम्प-२ ही याच पायरीवरची नावं. ती ओल्यात भरवशाची असतात, स्टिअरिंगमधून बोलतात आणि खिशाला झेपतात. फ्रेडेस्टाइन ही डच कंपनी २००९पासून आपल्या अपोलो टायर्सची आहे, आणि जुन्या गाड्यांसाठी जुन्या धाटणीचे टायर ती मुद्दाम बनवते. जुन्या युरोपियन गाडीवाल्यानं तिकडेही नजर टाकावी.

उन्हाळी टायरची एक अट पाळावीच लागते. सात अंश सेल्सिअसच्या खाली त्याचं रबर ताठरतं, आणि उणे सातच्या आसपास तर गाडी नुसती हलवली तरी त्याला भेगा पडू शकतात. न्यू जर्सीच्या जानेवारीत म्हणून ही गाडी गॅरेजात. ज्याला बर्फातही तीच चालवायची आहे त्यानं हिवाळी टायरचा दुसरा संच ठेवावा. त्यासाठी ती जुनी चौदा इंची चाकं अगदी योग्य.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत खाचेपेक्षा तारीख जास्त महत्त्वाची. या गाड्या वर्षाकाठी थोड्याच चालतात, टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००पूर्वीचा आहे, पुढे बोलायलाच नको. अडचण अशी की पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू कित्येकदा आत गेलेली असते. विकणारा ‘टायर नव्यासारखे आहेत’ म्हणतो तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, विजेरी घेऊन चाकामागे डोकं घालायचं आणि चिखल अंगठ्यानं पुसून तो लंबगोल वाचायचा. चारही चाकांचा वाचायचा, कारण दोन नवे आणि दोन जुने हा प्रकार सर्रास आढळतो. नोव्हेंबर २०१३मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, तिच्या चौकशीत अतिवेग हे कारण ठरलं. टायर नऊ वर्षं जुने होते आणि त्याचा गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असावा, हेही त्या चौकशीत नोंदवलं गेलं. मिशेलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी करा आणि दहाव्या वर्षी काहीही झालं तरी टायर काढा असं सांगते. वेगानं चालवायच्या गाडीला मी सहा वर्षांपुढे थांबणार नाही.

पुण्या-मुंबईत जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा पालिओ १.६ जपणाऱ्यांना यातलं सगळंच लागू होत नाही. लहान गाड्यांमुळे आपल्याकडे चौदा इंची टायर अजून जागोजागी मिळतो. मात्र तो मायलेज आणि खड्डे डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. जून २०२०मध्ये केंद्र सरकारनं टायर आयातीवर निर्बंध घातल्यावर परदेशी पर्यायही आटले. शिवाय पन्नास प्रोफाइलचा टायर आपल्या पावसाळी रस्त्यांवर रिम वाकवून घेतो. इथे भिंत उंचच ठेवावी आणि हवेचं प्रेशर दर पंधरवड्याला पाहावं.

राहता राहिलं अलाइनमेंट. मियाटाच्या चारही कोपऱ्यांत चाकाचे कॅम्बर आणि टो हे कोन बदलता येतात, पुढे कॅस्टरही. पुढचा टो सोडला तर हे सगळं होतं ते खालच्या आर्मच्या विकेंद्री बोल्टांनी. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत तीस हिवाळे काढलेल्या गाडीत हे बोल्ट बुशिंगच्या नळीत गंजून एकजीव होतात. मग अलाइनमेंटवाला हात वर करतो, आणि नवे टायर आतल्या कडेनं एका मोसमात खाल्ले जातात. बोल्ट कापून काढून नवे घालण्याचं काम दिवसभराचं असतं, मजुरीही टायरच्या बिलाच्या तोडीची होते. म्हणून टायरची ऑर्डर देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायची, बोल्टांवर गंजतेल मारून एक रात्र तसंच ठेवायचं, आणि सकाळी पान्यानं ते हलतात का हे पाहून घ्यायचं.