नियम होते, वाचणारा हवा होता

सैनिक भरती होतो तेव्हा लष्कराचेच डॉक्टर त्याला नखशिखान्त तपासून ‘तंदुरुस्त’ असा शेरा देतात. पुढे आजारपणामुळे त्याला घरी पाठवायची वेळ आली, तर मेडिकल बोर्डही लष्कराचेच बसते. या दोन कागदांच्या मधल्या वर्षांत त्याच्या शरीराचे जे झाले, ते सेवेमुळे की आणखी कशाने? डिसेबिलिटी पेन्शनचा प्रत्येक वाद या प्रश्नाभोवती फिरतो. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरायला मात्र भारतात चार दशके लागली.

1982 च्या पात्रता नियमांत सैनिकाची बाजू भक्कम होती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा निरोगी होता असे धरायचे. वैद्यकीय कारणाने सेवा संपली, तर प्रकृती सेवेमुळेच ढासळली असे गृहीत धरायचे. पुराव्याचा भार दावेदारावर टाकायचा नाही आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. कागदावर याहून उदार भाषा क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात बोर्ड एका ओळीत लिहून मोकळे होई : आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण दिलेले नसे. त्याच शेऱ्यावर अलाहाबादचे पेन्शन लेखा कार्यालय दावा फेटाळी. वर अपील समित्या होत्या, पण त्याही व्यवस्थेच्या आतल्याच. बाहेरचा दरवाजा म्हणजे उच्च न्यायालय, आणि तिथे वकिलाची फी परवडणारे माजी सैनिक किती असणार!

त्याच 1982 साली पृथीपाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलच्या निकालावर स्वतंत्र अपिलाची सोय नसल्याबद्दल खंत व्यक्त केली होती. विधी आयोगाचा 169 वा अहवाल 1999 मध्ये आला, कायदा 2007 मध्ये झाला आणि ऑगस्ट 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. कोर्ट मार्शलच्या अपिलांबरोबर सेवा आणि पेन्शनचे वादही त्याच्याकडे आले. न्यायालयीन सदस्याच्या शेजारी सैन्यातून निवृत्त झालेला ज्येष्ठ अधिकारी बसतो. एकाला कायदा माहीत, दुसऱ्याला खंदकातली थंडी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचे खंडपीठ झाले.

मात्र वळण मिळाले ते 2013 च्या धरमवीर सिंग निकालाने. सिग्नल्समधल्या या जवानाला 1994 मध्ये फिट्सच्या आजारामुळे वीस टक्के अपंगत्वासह घरी पाठवले आणि पेन्शन नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने 1982 चेच नियम वाचले आणि ते जसे लिहिले होते तसे लागू केले. कारण न देणारे बोर्डाचे मत ग्राह्य धरले नाही. नवे तत्त्व काहीच मांडावे लागले नाही. तरीही एका जवानाला त्यासाठी एकोणीस वर्षे थांबावे लागले. पुढच्या असंख्य दाव्यांना आधार मिळाला तो याच निकालाचा.

2014 च्या राम अवतार निकालाने आणखी एक भेद मिटवला. पन्नास टक्क्यांखालचे अपंगत्व पन्नास टक्के धरण्याची सवलत मुदतीआधी घरी पाठवलेल्यांपुरतीच ठेवली होती. ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली.

पण जिंकलेला सैनिक घरी पोहोचतो न पोहोचतो तोच सरकारचे अपील येई. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी ही दुखरी नस ओळखली. 2015 मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सेवा आणि पेन्शनचे खटले कमी करण्यासाठी 75 शिफारशी केल्या. आपल्याच जखमी माणसाशी खटला लढणे ही राज्याची प्रतिष्ठा असू शकत नाही, हे सरकारच्या आतून मान्य होण्याचे मोल मोठे होते.

त्याच वर्षी दुसरीकडे दार लोटले गेले. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येणार नाही, असे मेजर जनरल श्रीकांत शर्मा खटल्यात ठरले. सर्वोच्च न्यायालयात जायचे, तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न दाखवावा लागे. एकट्या जवानाच्या पेन्शनमध्ये तो कुठून असणार? मार्च 2023 मध्ये परशोतम दास निकालाने उच्च न्यायालयाचा मार्ग पुन्हा मोकळा केला. सप्टेंबरात नवे पात्रता नियम आले. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांच्या कसोट्या कडक झाल्याचा माजी सैनिकांच्या संघटनांचा आक्षेप आहे.

या चाळीस वर्षांतून मला एकच गोष्ट ठळक दिसते. नियम कितीही उदार असो, तो वाचणारा पैसे देणाऱ्याच्या हाताखालचा असेल तर सैनिकाच्या पदरात काही पडत नाही. म्हणूनच न्यायाधिकरण प्रशासकीयदृष्ट्या संरक्षण मंत्रालयाच्याच छत्राखाली राहणे खटकते, कारण तेच मंत्रालय प्रत्येक दाव्यात प्रतिवादी असते. न्यायाधिकरणांना लागणारे पाठबळ विधी मंत्रालयाकडून मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच म्हटले होते. ते अमलात आणावे, प्रत्येक नकारासोबत वैद्यकीय कारण लिहून द्यावे आणि ठरून गेलेल्या मुद्द्यांवर सरकारने अपिले करू नयेत. यातल्या एकाही गोष्टीला नवा पैसा लागत नाही. देशाने सैनिकाला भरतीच्या दिवशी दिलेला शब्द पाळायचा, एवढेच यात आहे.